ढगांचे बीज आणि विश्वकिरण : एका दाव्याचा इतिहास

१८९४ सालच्या सप्टेंबरमध्ये चार्ल्स टॉमसन रीस विल्सन हा पंचवीस वर्षांचा स्कॉटिश तरुण बेन नेव्हिसच्या माथ्यावर दोन आठवडे राहिला. बेन नेव्हिस हा ब्रिटनमधला सर्वांत उंच डोंगर. उंची १,३४५ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा तीनशे मीटरने कमी. माथ्यावर हवामानाची वेधशाळा होती आणि तिथल्या कायमच्या निरीक्षकांना रजा मिळावी म्हणून उन्हाळ्यात बदली माणसे बोलावली जात. विल्सन असाच बदलीवर गेला होता. पाठीमागून ऊन आणि समोर दरीत ढग, अशा एका वेळी ढगावर पडलेल्या सावलीभोवती त्याला रंगीत कडी दिसली. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून पावसाळ्यात ज्यांनी इंद्रवज्र पाहिले आहे, त्यांना हे दृश्य वेगळे सांगायला नको. बहुतेक माणसे ते पाहून हात जोडतात किंवा छायाचित्र काढतात. विल्सनने ठरवले, की केंब्रिजला परतल्यावर असा ढग काचेच्या भांड्यात तयार करायचा.

या भांड्यातून पुढे अणुविज्ञानाचे एक मोठे साधन निघाले आणि विल्सनला १९२७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु हा लेख त्या यशाविषयी नाही. त्याच भांड्यातून आणखी एक प्रश्न निघाला आणि तो शंभर वर्षे रेंगाळला. अवकाशातून पृथ्वीवर अखंड पडणारे विश्वकिरण ढग तयार करतात का? आणि करत असतील तर पृथ्वीचे तापमान त्यांच्या हाती आहे का? या प्रश्नाचे उत्तर आज बऱ्याच अंशी हाती आले आहे. ते उत्तर जितके महत्त्वाचे, तितकीच ते मिळवताना कोण कुठे घसरले ही हकीकतही महत्त्वाची आहे. घसरणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही होता, हे आधीच सांगून टाकतो.

भांड्यातला ढग

हवेत नुसती वाफ असून ढग होत नाही. वाफेला थेंब होण्यासाठी बसायला जागा लागते. धूळ, धूर, समुद्राच्या फेसातून उडालेले मीठ अशा सूक्ष्म कणांवर वाफ जमते आणि थेंब वाढतो. या कणांना ढगाचे बीज म्हणता येईल. जॉन एटकिन या दुसऱ्या स्कॉटिश संशोधकाने १८८० च्या दशकात हे दाखवून दिले होते. हवा गाळून धूळ काढून टाकली की नेहमीच्या परिस्थितीत धुके धरतच नाही.

विल्सनने १८९५ मध्ये नेमकी अशी धूळ काढलेली दमट हवा भांड्यात घेतली आणि ती एकदम फैलावली. हवा फैलावली की थंड होते आणि तिच्यात मावणार नाही इतकी वाफ शिल्लक राहते. घनफळ सव्वापट होईपर्यंत काही घडले नाही. सव्वापटीच्या पुढे मात्र थोडे थेंब पडू लागले, धूळ नसतानाही. सुमारे १.३८ पटीच्या पुढे दाट धुके धरले. त्या थोड्या थेंबांना बीज कुठून मिळाले? विल्सनचा तर्क असा, की हवेत विद्युतभार असलेले कण, म्हणजे आयन, आपोआप तयार होत असावेत आणि वाफ त्यांच्यावर बसत असावी. क्ष-किरणांचा शोध नुकताच लागला होता. १८९६ मध्ये त्याने ते किरण भांड्यातून सोडले, तेव्हा त्याच सव्वापटीच्या प्रसरणाला भांडे धुक्याने भरून गेले. तर्क बरोबर होता.

इथे एक आकडा लक्षात ठेवावा लागेल, कारण सगळ्या वादाची किल्ली त्यात आहे. आयनावर थेंब धरण्यासाठी विल्सनच्या भांड्यात हवेला पेलेल त्याच्या सुमारे चौपट वाफ असावी लागत होती. आभाळातल्या खऱ्या ढगात ही जादा वाफ बहुधा एक टक्क्याच्या आतबाहेर असते. म्हणजे शंभराला एकशे एक. चारशे कधीच नाही. तेव्हा आयनावर सरळ ढग धरतो, ही गोष्ट भांड्यात खरी आणि आभाळात खोटी होती. विल्सनलाही याची जाणीव होती.

बंद भांड्यातल्या स्वच्छ हवेत आयन येतात कुठून, हा प्रश्न मात्र त्याला सोडवत नव्हता. १९०१ साली त्याने लिहून ठेवले, की याचे कारण पृथ्वीच्या वातावरणाबाहेरून येणारे, अतिशय भेदक असे किरण असू शकेल. हे तपासायला तो स्कॉटलंडमध्ये पीबल्सजवळच्या रेल्वेच्या बोगद्यात रात्री आपले विद्युतमापक घेऊन गेला. डोक्यावर इतका खडक असल्यावर बाहेरचे किरण अडायला हवेत, आयन कमी व्हायला हवेत. ते कमी झाले नाहीत. विल्सनने आपली कल्पना सोडून दिली. खडकातही किरणोत्सारी द्रव्ये असतात आणि तीही हवेत आयन तयार करतात. त्यामुळे बोगद्याचा पुरावा फसवा निघाला.

अकरा वर्षांनी, ७ ऑगस्ट १९१२ रोजी, ऑस्ट्रियाचा व्हिक्टर हेस हायड्रोजनच्या फुग्यातून पाच हजार मीटरांपेक्षा उंच गेला. वर जाताना आयनांचे प्रमाण सुरुवातीला थोडे घटले आणि नंतर वाढत गेले. पाच किलोमीटरवर ते जमिनीवरच्या दुपटीहून अधिक भरले. किरण वरून येत होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सूर्यग्रहणाच्या वेळी केलेल्या उड्डाणात त्यांत काही घट दिसली नव्हती, म्हणजे ते सूर्याकडूनही येत नव्हते. रॉबर्ट मिलिकनने पुढे १९२५ मध्ये त्यांना विश्वकिरण हे नाव दिले. बहुतांशी हे प्रोटॉन असतात. दूरच्या ताऱ्यांच्या स्फोटांतून वेग घेऊन येतात आणि आपल्या वातावरणावर आदळून दुय्यम कणांचा वर्षाव करतात. आपण तळहात आडवा धरला तर दर सेकंदाला त्यातून असा एखादा कण आरपार जातो. समुद्रावरच्या हवेत जे आयन सापडतात त्यांचे मुख्य कारण हेच.

सूर्यावरचे डाग आणि दख्खनचा दुष्काळ

विश्वकिरणांचा संबंध हवामानाशी का जोडावासा वाटला, हे समजण्यासाठी थोडे मागे आणि आपल्या देशात यावे लागते.

सूर्यावरच्या डागांची संख्या साधारण अकरा वर्षांच्या चक्राने वाढते आणि घटते, हे जर्मनीतल्या हाइन्रिख श्वाबेने १८४३ साली दाखवले. त्यानंतर पृथ्वीवरच्या प्रत्येक चढउतारात हे चक्र शोधण्याची साथच आली. हिंदुस्थानात तिला दुःखद निमित्त मिळाले. १८७६ ते १८७८ या वर्षांत मद्रास इलाखा, म्हैसूर, हैदराबाद आणि मुंबई इलाख्यातले दख्खनचे जिल्हे भयंकर दुष्काळात होरपळले. सरकारी सांख्यिकी खात्याचे प्रमुख विल्यम विल्सन हंटर यांनी १८७७ मध्ये मद्रासच्या पावसाचे आकडे मांडून दाखवले, की सूर्यावरचे डाग कमी असतात त्या वर्षांच्या आसपास पाऊस कमी पडतो. त्याच वर्षी नॉर्मन लॉकियर या खगोलशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी सौर डाग आणि दुष्काळ यांवर लेखही लिहिला. लॉकियर हे 'नेचर' या नियतकालिकाचे संस्थापक. सूर्य पाहून दुष्काळ आधी सांगता येईल, ही आशा त्यातून बळावली. कोडाईकनालला १८९९ साली सौर वेधशाळा उभी राहिली, त्यामागे ही आशाही होती.

या आशेला दुसरी बाजू होती. त्याच काळात पुण्याची सार्वजनिक सभा दुष्काळी जिल्ह्यांची हकीकत गोळा करून सरकारला कळवत होती. शेतसाऱ्याचा बोजा, सावकारी, मदतकामावरची अपुरी मजुरी हे त्यांचे मुद्दे. देशात माणसे मरत असताना धान्याची निर्यात थांबलेली नव्हती. दुष्काळाचे कारण सूर्यावर असेल, तर त्याची जबाबदारी कोणत्याही कचेरीवर येत नाही. हंटर आणि लॉकियर यांचा हेतू असा होता, असे मी म्हणत नाही. दोघेही प्रामाणिकपणे आकड्यांमागे लागलेले होते. पण आकाशातले कारण जमिनीवरच्या माणसांना नेहमीच सोयीचे पडते, ही गोष्ट या इतिहासात पुन्हा भेटणार आहे म्हणून इथे नोंदवतो.

या आशेची कसून तपासणी केली ती गिल्बर्ट वॉकर यांनी. केंब्रिजचे हे गणिती १९०४ मध्ये हिंदुस्थानच्या हवामान खात्याचे प्रमुख झाले. त्यांनी जगभरच्या ठिकाणांचे पाऊस, तापमान आणि हवेचा दाब यांचे आकडे सौर डागांशी ताडून पाहिले. संबंध इतके दुबळे निघाले, की त्यांवर पावसाचे भाकीत उभे राहू शकत नव्हते. १९१४ साली त्यांनी याहून मोलाची एक गोष्ट सांगितली. शेकडो जोड्या ताडून पाहिल्या तर त्यांतली एखादी नुसत्या योगायोगानेही घट्ट जुळलेली दिसणारच. म्हणून सर्वांत चांगला जुळलेला आकडा पुढे करताना आपण एकूण किती जोड्या तपासल्या, याचा हिशेब धरायला हवा. वॉकर सूर्याकडून समुद्राकडे वळले. प्रशांत आणि हिंदी महासागरांवरच्या दाबाचा झोका त्यांना तिथे सापडला आणि आजचे एल निनोचे ज्ञान त्याच वाटेने आले.

दुवा सापडला असे वाटले

सूर्य आणि हवामान यांचा संबंध जोडणाऱ्यांची खरी अडचण वेगळीच होती. अकरा वर्षांच्या चक्रात सूर्याचा एकूण प्रकाश हजारात एका भागाइतकाच बदलतो. एवढ्याशा बदलाने पृथ्वीवर मोठे काही घडावे कसे? मध्ये एखादी तरफ हवी होती.

ती तरफ विश्वकिरणांत दिसू लागली. सूर्य जोरात असला की त्याच्यापासून निघणारे चुंबकीय वारे विश्वकिरणांना थोपवतात. म्हणून डाग जास्त तेव्हा विश्वकिरण कमी. अमेरिकेच्या स्कॉट फोर्बुशने १९५४ मध्ये हा उलटा संबंध वर्षानुवर्षांच्या मोजणीने पक्का केला. चक्राच्या दोन टोकांमध्ये ध्रुवाकडच्या प्रदेशात विश्वकिरणांची मोजणी १५ ते २० टक्क्यांनी बदलते. प्रकाशातल्या हजारात एकाच्या मानाने हा बदल फार मोठा. १९५९ साली एडवर्ड नेय यांनी सुचवले, की सूर्याचा हवामानावर काही प्रभाव असेल तर तो विश्वकिरणांनी होणाऱ्या आयनांच्या मार्गाने येत असेल. १९७५ मध्ये रॉबर्ट डिकिन्सन यांनी ही वाट ढगांच्या बीजापर्यंत नेली. दोघांनीही हे तर्क म्हणून मांडले होते.

१९९७ साली डेन्मार्कच्या हेन्रिक स्वेन्समार्क आणि आयगिल फ्रीस-क्रिस्टेन्सन यांनी उपग्रहांवरून मोजलेले समुद्रावरचे ढग आणि विश्वकिरण यांचा एकत्र आलेख प्रसिद्ध केला. दोन रेघा एकमेकींना बिलगून चालल्या होत्या. एका सौरचक्रात ढगांचे आच्छादन तीन ते चार टक्क्यांनी बदलते, असा त्यांचा दावा. सखल ढग पृथ्वीला सावली देऊन थंड ठेवतात. तेव्हा साखळी अशी झाली : सूर्य जोरात, विश्वकिरण कमी, ढग कमी, पृथ्वी गरम. विसाव्या शतकात सूर्य पूर्वीपेक्षा जोरात होता, म्हणून तापमानवाढ झाली असावी, असा अर्थ अनेकांनी काढला.

हा आलेख पाहून भुरळ पडली नसती तरच नवल. पण लवकरच त्यात फटी दिसू लागल्या. आलेखातला काळ जेमतेम एका सौरचक्राचा होता. नंतरची मोजमापे जोडली तेव्हा एकूण ढगांशी असलेला संबंध मोडला. मग २००० साली तो फक्त सखल ढगांशी आहे असे सांगण्यात आले. १९९४ नंतर तिथेही रेघा फाकल्या, तेव्हा उपग्रहाच्या मोजणीत दुरुस्ती हवी असे म्हटले गेले. शिवाय उपग्रह वरून पाहतो. उंच ढग मध्ये आले तर सखल ढग त्याला दिसतच नाहीत. आणि विश्वकिरणांचा चढउतार जास्त जाणवतो तो उंचावरच्या हवेत, सखल ढगांच्या पातळीवर तो कमी असतो. परिणाम मात्र खालीच दिसावा, हे कोडे होते. वॉकर यांनी १९१४ मध्ये दिलेला इशारा इथे जसाच्या तसा लागू पडत होता.

या फटींची चर्चा शास्त्रीय नियतकालिकांत चालू असताना बाहेर वेगळेच घडत होते. मार्च २००७ मध्ये ब्रिटनच्या चॅनल फोरवर तापमानवाढ ही फसवणूक आहे असे सांगणारा माहितीपट दाखवला गेला आणि त्यात विश्वकिरणांची उपपत्ती मोठ्या खात्रीने मांडली होती. कोळसा आणि तेल जाळण्यावर मर्यादा नको असणाऱ्यांना आकाशातले कारण मिळाले होते.

कोलारच्या खाणीतून एक उलटतपासणी

या वादाला भारतीय धागा आहे आणि तो दोन्ही बाजूंना आहे.

विश्वकिरणांचे संशोधन हे स्वतंत्र भारताच्या विज्ञानाचे एक मूळच म्हणावे लागेल. मुंबईत १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी करणारे होमी भाभा विश्वकिरणांचे अभ्यासक. अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा १९४७ मध्ये सुरू करणारे विक्रम साराभाई यांचा केंब्रिजचा प्रबंध उष्ण कटिबंधातल्या विश्वकिरणांवर होता. साराभाईंचे विद्यार्थी उडुपी रामचंद्र राव पुढे इस्रोचे अध्यक्ष झाले. जानेवारी २०११ मध्ये रावांनी 'करंट सायन्स'मध्ये निबंध लिहिला. ध्रुवीय बर्फातल्या बेरिलियम-१० या समस्थानिकाच्या नोंदींवरून त्यांनी काढले, की गेल्या दीडशे वर्षांत विश्वकिरण ९ टक्क्यांनी घटले. त्यामुळे प्रत्येक चौरस मीटरमागे १.१ वॅट इतकी उष्णता वाढली आणि ती कार्बन डायऑक्साइडमुळे झालेल्या वाढीच्या ६० टक्के भरते, असा त्यांचा निष्कर्ष. या हिशेबात विश्वकिरण घटले म्हणजे सखल ढग घटले, ही कडी गृहीत होती. नेमकी तीच कडी वादग्रस्त होती.

त्या वर्षी दोन वाचनालयांच्या व्याख्यानमालांत मी हा विषय मांडला. इतक्या मोठ्या माणसाचा निबंध आणि तो सुंदर आलेख हाताशी असताना मी तो जवळजवळ सिद्ध झाल्यासारखा सांगितला. कारखानदार देशांनी आपल्याला धुरासाठी दटावावे आणि खरे कारण आकाशात निघावे, हे सांगताना मला एक प्रकारचे समाधानही वाटत होते. टाळ्या पडल्या. आकड्यांची कडी न कडी तपासून पाहणे मी नंतर केले, आधी करायला हवे होते. तेव्हाच्या श्रोत्यांपर्यंत माझी दुरुस्ती कधी पोचली नाही. हा लेख काही अंशी त्यासाठी आहे.

मी व्याख्याने दिली त्याच्या तीन वर्षे आधीच एक कठोर उलटतपासणी प्रसिद्ध झाली होती. ती करणाऱ्यांपैकी एकाचे नाव आपल्याकडे अनोळखी असायला नको होते. डरहॅम विद्यापीठाचे आर्नोल्ड वुल्फेन्डेल यांनी १९६० च्या दशकात कोलारच्या सोन्याच्या खाणीत काम केले होते. टाटा मूलभूत संशोधन संस्था, ओसाका आणि डरहॅम यांच्या संयुक्त प्रयोगात १९६५ साली तिथे वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंची चाहूल लागली. विश्वकिरणांना आयुष्य वाहिलेला हा माणूस. विश्वकिरण हवामान चालवतात असे निघाले असते, तर त्याच्या विषयाचे महत्त्व वाढलेच असते. लँकेस्टरच्या टेरी स्लोन यांच्याबरोबर त्यांनी २००८ मध्ये या दाव्याची परीक्षा घेतली.

त्यांची युक्ती समजायला सोपी आहे. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र विश्वकिरणांना अडवते आणि ही आडकाठी विषुववृत्ताकडे सर्वांत मोठी असते. जेकब क्ले यांना जावा ते हॉलंड या सागरप्रवासात १९२७ मध्ये याची पहिली खूण मिळाली होती. १९३९-४० च्या हिवाळ्यात मिलिकन आपली यंत्रे घेऊन हिंदुस्थानात आले आणि त्यांनी बंगळूर, आग्रा, पेशावर इथून फुगे सोडले, ते याच अक्षांशभेदासाठी. दक्षिण भारतावर ही आडकाठी जगात सर्वाधिक आहे. फक्त अतिशय जोरकस विश्वकिरणच इथे पोचतात आणि त्यांना सूर्याचे चढउतार फारसे हलवत नाहीत. म्हणजे सौरचक्राने विश्वकिरणांत होणारा बदल ध्रुवांकडे मोठा आणि आपल्याकडे किरकोळ. ढग जर विश्वकिरणांच्या तालावर वाढत-घटत असतील, तर ढगांतला बदलही ध्रुवांकडे मोठा आणि इकडे किरकोळ दिसायला हवा. स्लोन आणि वुल्फेन्डेल यांनी तसे शोधले. अक्षांशाप्रमाणे असा फरक सापडला नाही. सूर्यावरच्या वादळांनी विश्वकिरण काही दिवस एकदम घटतात, त्या दिवसांतही ढगांत अपेक्षित घट दिसली नाही. त्यांनी मर्यादा घातली, की सौरचक्राबरोबर दिसणाऱ्या ढगांच्या बदलात विश्वकिरणांचा वाटा फार तर २३ टक्के असेल.

पुन्हा एक भांडे

आकडे जुळवून हा वाद मिटणार नव्हता. विल्सनप्रमाणे पुन्हा भांड्याकडेच जायला हवे होते. जास्पर कर्कबी यांनी जिनेव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेला तसा प्रस्ताव दिला आणि २००९ मध्ये 'क्लाउड' नावाचा प्रयोग सुरू झाला. तीन मीटर व्यासाची पोलादी टाकी, २६ घनमीटर हवा आणि ती इतकी शुद्ध, की नको असलेल्या वाफेचा अंशही निकाल बिघडवू नये. विश्वकिरणांच्या जागी प्रोटॉन सिंक्रोट्रॉनमधून काढलेला कणांचा झोत. तो कमीजास्त करता येई आणि विजेच्या क्षेत्राने आयन झटकूनही टाकता येत.

प्रश्न आता नेमका झाला होता. आयनावर थेंब बसत नाही, हे विल्सनपासून माहीत होते. आता विचारायचे होते ते असे : हवेतल्या गंधकाम्लासारख्या वाफांचे रेणू एकत्र येऊन कण जन्मतात, त्या जन्माला आयन मदत करतात का? ऑगस्ट २०११ मध्ये पहिला निकाल आला. करतात. विश्वकिरणांमुळे कणजन्माचा वेग दोन ते दहा पट वाढतो. वर्तमानपत्रांत आणि इतरत्र 'स्वेन्समार्क खरा ठरला' अशी हाकाटी झाली. मात्र त्याच निबंधात दुसरी गोष्ट होती. गंधकाम्ल, पाणी आणि अमोनिया यांतून, आयनांची मदत धरूनही, जमिनीलगतच्या हवेत दिसतात त्याच्या दहाव्या ते हजाराव्या हिश्शाइतकेच कण तयार होत होते. काहीतरी मुख्य घटक राहून गेला होता.

तो पुढच्या काही वर्षांत सापडत गेला. २०१३ मध्ये अमाइन, मग झाडांतून निघणाऱ्या सुगंधी वाफा. २०१६ मध्ये दिसले, की पाइनसारख्या झाडांच्या वाफेतून गंधकाम्लाशिवायही कण जन्मतात आणि तिथे आयन त्यांचा वेग दहा ते शंभर पट वाढवतात. म्हणजे कारखान्यांच्या आधीच्या स्वच्छ हवेत अरण्ये आणि विश्वकिरण मिळून कण तयार करत असावेत. ही गोष्ट मोठी आहे. पूर्वीचे आभाळ आपण समजत होतो तेवढे निर्बीज नव्हते, त्यामुळे धुराने ढग किती वाढवले याचा हिशेबही पुन्हा मांडावा लागतो.

आणि तरी मूळ दाव्याचे काय? नवजात कण एक-दोन नॅनोमीटरचा असतो. ढगाचे बीज व्हायला तो पन्नास-शंभर नॅनोमीटरपर्यंत वाढावा लागतो, म्हणजे घनफळाने लाखपटीच्या घरात. या वाढीला तास नव्हे, बहुधा दिवस लागतात आणि वाटेत बहुतेक कण आधीच्या मोठ्या कणांना चिकटून नाहीसे होतात. जास्त कण जन्मले तर त्यांच्या वाट्याला येणारी वाफही कमी होते. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे समजवायला नको. पेरा दाट केला म्हणून कणसे तितकी वाढत नाहीत. जेफ्री पिअर्स आणि पीटर ॲडम्स यांनी २००९ मध्येच हिशेब मांडला होता, की सौरचक्रामुळे ढगांच्या बीजांत होणारा बदल दाव्यासाठी लागतो त्याच्या शंभराव्या हिश्शाइतका भरतो. २०१६ च्या अखेरीस 'क्लाउड'च्या मोजमापांवर बांधलेल्या जागतिक गणितानेही तेच सांगितले. आजच्या हवेत विश्वकिरणांचा चढउतार या वाटेने हवामानावर लक्षणीय परिणाम करत नाही. स्वेन्समार्क आणि त्यांचे सहकारी थांबलेले नाहीत. आयन कणांच्या वाढीलाही हातभार लावतात, असे त्यांनी २०१७ मध्ये प्रयोगाने मांडले. तोही परिणाम आहे, पण लहान आहे.

निसर्गानेही एक प्रयोग करून दाखवला. २००८-०९ मध्ये सूर्य असाधारण शांत झाला आणि २००९ साली विश्वकिरण यंत्रांनी मोजायला लागल्यापासूनच्या उच्चांकाला गेले. दाव्याप्रमाणे ढग वाढून पृथ्वी थंड व्हायला हवी होती. २०१० हे वर्ष तोवरच्या सर्वांत उष्ण वर्षांपैकी एक ठरले. १९५० च्या दशकापासून विश्वकिरणांत एका दिशेने जाणारा बदलच नाही, आणि तापमान मात्र याच काळात सर्वाधिक चढले आहे.

तेव्हा विश्वकिरण ढगांवर परिणाम करतात का, या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे आहे. किती करतात, याचे उत्तर 'फार थोडा' असे आहे. २०११ साली मी फक्त पहिला प्रश्न विचारला आणि त्याच्या उत्तरावर दुसऱ्याचे उत्तर गृहीत धरले. हंटरसाहेबांच्या काळी शेतसारा वेगळा आणि पाऊस वेगळा, हे सार्वजनिक सभेच्या मंडळींनी ओळखले होते. आज मराठवाड्यात एका आठवड्यात महिन्याचा पाऊस कोसळतो किंवा जून कोरडा जातो, तेव्हा कारण शोधताना आधी वर बघायचे, की चिमण्यांकडे, हा प्रश्न शास्त्राचा तर आहेच, पण उद्या कोणाला जाब विचारायचा याचाही आहे.

शेवटी विल्सनकडे परत जाऊ. ढगांचे वेड त्याला शेवटपर्यंत होते. गडगडाटी ढगांत अब्जावधी व्होल्टचा दाब साठत असावा, असे भाकीत त्याने १९२० च्या दशकात केले. वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, १९५६ मध्ये, त्याचा शेवटचा निबंध प्रसिद्ध झाला, तोही गडगडाटी ढगांतल्या विजेवरच. ते भाकीत पडताळायला कोणाजवळ साधन नव्हते. १ डिसेंबर २०१४ रोजी उटीवर एक वादळ आले. टाटा संस्थेच्या तिथल्या 'ग्रेप्स-३' केंद्रात विश्वकिरणांपासून होणारे म्युऑन कण मोजणारी ५६० चौरस मीटरची यंत्रणा आहे. वादळाची अठरा मिनिटे म्युऑनांची संख्या घटली, कारण ढगातल्या विजेच्या दाबाने त्यांची ऊर्जा बदलत होती. त्या घटीवरून संशोधकांनी ढगातला दाब काढला आणि २०१९ मध्ये जाहीर केला. तो १३० कोटी व्होल्ट भरला. विल्सनच्या भाकिताला तेव्हा सुमारे नव्वद वर्षे झाली होती.